ग्रहणातलं विरजण

धक्का कुणालाही बसतो. पण एम.एस्सी. झालेल्या माणसाला बसला की जास्त जोरात बसतो, कारण आपल्याला सगळं माहीत आहे असं तो धरूनच चालतो. हे मी स्वतःवरून सांगते. आयुष्यात मला सगळ्यात जास्त वेळा तोंडात बोट घालायला लावलं ते घिवलीच्या विश्राम पागधरेने. शिक्षण आठवी पास, नोकरी आमच्याच कारखान्यात, सांडपाण्याच्या हौदावर.

मी तेव्हा तारापूर एमआयडीसीतल्या एका रंगाच्या कारखान्यात प्रयोगशाळेत होते. पालघरशेजारच्या आमच्या माहीम गावाहून पालघर, पालघरहून शटलने बोईसर, पुढे कंपनीची गाडी. विश्राम घिवलीहून सायकल मारत यायचा. कारखान्याचं लालपिवळं पाणी एका मोठ्या हौदात जमायचं, खालून हवा सोडलेली असायची, आणि त्या खदखदणाऱ्या पाण्यात कोट्यवधी जिवाणू ती घाण खात असायचे. कारखाना सुरू झाला तेव्हा कुंभवलीच्या गोठ्यांतून शेण आणून हौदात कालवलं होतं, त्यातून ही सगळी वस्ती वाढलेली. ती जगवणं हे विश्रामचं काम. दिवाळीत कारखाना बंद असला तरी त्याला सुट्टी नसे. सांडपाणी आलं नाही तर जिवाणू उपाशी मरतील, म्हणून तो गूळ आणि युरिया बादलीत कालवून त्यांना घालायचा आणि म्हणायचा, माझ्या पोरांचा फराळ झाला. कारखान्यात सगळे त्याला गटारवाला म्हणत. मीही एकदोनदा म्हटलं असेल.

ब्याण्णव सालच्या पावसाळ्यानंतर एक दिवस तो प्रयोगशाळेच्या दारात येऊन उभा राहिला. हातात खोकल्याच्या औषधाची धुतलेली बाटली, आत पाणी. यात अमोनिया आहे का तेवढं बघून द्या म्हणाला. ही तपासणी आमची रोजची होती. एका औषधाचे दोन थेंब टाकायचे, अमोनिया असेल तर पाणी पिवळं होतं, फार असेल तर विटकरी. ते पाणी थेंब पडल्यापडल्या विटकरी झालं. मी चिडले. कुठल्या हौदाचं पाणी हे, साहेबांना कळलं तर काय होईल, असं बरंच बोलून घेतलं.

"हौदाचं नाय मॅडम," तो म्हणाला. "घरचं हाय. याच्यात बाबाचं मासं मेलं."

मग त्याने सांगितलं ते असं. त्याचे वडील देवूबाबा चाळीस वर्षं तांडेल होते, म्हणजे होडी चालवणारे, बाकीच्या खलाशांना वाट दाखवणारे. वर्षापूर्वी त्यांना लकवा झाला. उजवं अंग गेलं, वाचा गेली. समुद्र घरापासून हाकेच्या अंतरावर, पण खाटेवरून दिसत नाही. दोनदा चौघांनी खाट उचलून त्यांना किनाऱ्यावर नेलं. होड्या दिसल्यावर म्हातारा इतका रडला की गावातल्या बायकाच म्हणाल्या, पुन्हा आणू नका. त्यानंतर देवूबाबांनी भिंतीकडे तोंड केलं आणि जेवण सोडलं. भरवलेला घास ओठांच्या कडेने बाहेर यायचा. बाबा असे किती दिवस काढणार, हे विश्रामला दिसत होतं.

तेव्हा हा माणूस समुद्रच घरात घेऊन आला. बोईसरला खिडक्यांच्या काचा कापणाऱ्याकडून तीन फुटांची काचेची टाकी करून घेतली आणि खाटेशेजारी मांडली. ओहोटीला उघड्या पडणाऱ्या खडकांतून दगड आणले, त्यांना चिकटलेली हिरवी-जांभळी समुद्रफुलं, म्हणजे फुलासारखे उमलणारे-मिटणारे जीव, आणली, शंखात राहणारा एक खेकडा, पट्ट्यापट्ट्यांचे दोन छोटे मासे. देवूबाबांनी भिंतीकडचं तोंड फिरवलं. दुसऱ्या दिवशी पेज घेतली, तिसऱ्या दिवशी भात. नवव्या दिवशी मासे मेले. म्हाताऱ्याने पुन्हा भिंत धरली आणि दोन दिवस पाण्याचा थेंब घेतला नाही. विश्रामने पुन्हा टाकी भरली, पुन्हा तेच झालं. पाणी दर्याचं, मासे दर्याचे, मग मरतात कशाने, हे त्याला माझ्याकडून हवं होतं.

मी खुर्ची ओढली आणि वीस मिनिटं व्याख्यान दिलं. मासे जे मुततात त्याचा अमोनिया होतो, आणि टाकीत कोंडलेले मासे आपल्याच मुताच्या विषाने मरतात. समुद्रात दगडादगडावर जिवाणू असतात, ते हा अमोनिया खातात. विश्राम दगड आणल्यावर स्वच्छ असावेत म्हणून काथ्याने खसाखसा घासून टाकीत ठेवत होता, म्हणजे जे हवं तेच धुऊन काढत होता. तो म्हणाला, मग जिवाणूच घालू की, आपल्या हौदात घातले तसे. मी हसले. हौदातले जिवाणू खाऱ्या पाण्यात चालत नाहीत, हे वेगळे असतात, फार सावकाश वाढतात, परदेशात बाटल्यांतून मिळतात म्हणे. घरात वाढवायची ही गोष्टच नव्हे, त्याला प्रयोगशाळा लागते, असं मी ठामपणे सांगितलं. तो बरं म्हणाला आणि गेला.

दोन महिन्यांनी पुन्हा तीच बाटली घेऊन हजर. मी थेंब टाकले. पाणी पांढरं ते पांढरंच. औषध जुनं झालं असेल म्हणून मी नवीन बाटली फोडली. तरीही पांढरं. मासे मेले असतील म्हणून अमोनिया नसेल, असंही मला वाटलं, तर तो म्हणाला, मासे पस्तीस दिवस झाले, जोरात आहेत. माझ्या हातातली नळी मी खाली ठेवली. काय केलंत तरी काय, असं विचारलं तर म्हणाला, विरजण लावलं.

त्याने काय केलं होतं ऐका. एका मोठ्या काचेच्या बरणीत समुद्राचं पाणी घेतलं, त्यात शिंपल्यांचा चुरा आणि खडकाच्या कपारीतली न धुतलेली मूठभर खडी टाकली, वर स्पंजाचा एक तुकडा. आता जिवाणूंना खायला अमोनिया हवा. तो कुठून आणायचा? बोईसरच्या बाजारात कल्हईवाला बसतो. तापलेल्या भांड्यावर तो नवसागर टाकतो तेव्हा जो धूर नाकात जातो, त्याचा आणि मेलेल्या टाकीच्या पाण्याचा वास एकच, हे विश्रामच्या नाकाने ओळखलं होतं. तो दोन रुपयांचा नवसागर घेऊन आला आणि रोज चिमूटभर त्या बरणीत टाकू लागला. उजेडात शेवाळ माजतं म्हणून बरणीला काळं फडकं. हवेसाठी छोटा पंप, आणि लाईट गेली तर ट्रकच्या चाकाची फुगवलेली ट्यूब, तिच्या तोंडाला सलाईनची नळी. महिन्याभरात स्पंज काळपट झाला आणि बरणीचा वास गेला. मग तो स्पंज त्याने टाकीत नेऊन ठेवला.

मी रसायनशास्त्र शिकले पाच वर्षं. नवसागर म्हणजे अमोनियम क्लोराइड हे मला पहिल्या वर्षापासून पाठ होतं. त्याचा असा उपयोग मला कधी सुचला नव्हता, आणि विश्रामला तो कल्हईवाल्याच्या पुढ्यात उभं राहून सुचला. त्या दिवशी मी डबा न खाता परत नेला.

पुढच्या रविवारी मी घिवलीला गेले. अंगणात बोंबील वाळत घातलेले, विश्रामची बायको कमळी कावळे हाकत बसलेली. आत खाटेशेजारी ती टाकी. समुद्रफुलं उमललेली, खेकडा शंख ओढत चाललेला, मासे दगडाभोवती घिरट्या घालत होते. देवूबाबा डाव्या कुशीवर पडून एकटक बघत होते. मी आल्याचं त्यांना काहीच नव्हतं. मी टाकीचं खूप कौतुक केलं आणि त्यांच्या अंगावरूनच, ते तिथे नसल्यासारखं, कमळीला म्हटलं, त्यांना काय कळतंय म्हणा, पण बघून बरं वाटत असेल. कमळीने मला चहा दिला.

निघताना विश्रामने माझ्या हातात लोणच्याची एक बरणी ठेवली. पाणी, शिंपल्यांचा चुरा, स्पंजाचा तुकडा. त्याची आई म्हणायची, विरजण कधी एकाच घरात ठेवू नये, शेजारी थोडं देऊन ठेवावं, आपलं नासलं तर मागायला जागा राहते. आता या विरजणाला शेजारी कोण मिळणार? त्यातलं कळणारी तुम्हीच एकट्या, म्हणाला. मला फार बरं वाटलं. माहीमला स्वयंपाकघराच्या अंधाऱ्या कोपऱ्यात, पाण्याच्या हंड्यांशेजारी मी ती बरणी ठेवली. पंप नव्हता, म्हणून सकाळी चिमूटभर नवसागर टाकून जुन्या रवीने दोनदा घुसळायची. माझ्या सासूबाई, येसूबाई, यांनी पहिल्या दिवशी वास घेतला आणि विचारलं, यात आहे काय. मी म्हटलं, घिवलीच्या एका म्हाताऱ्या माणसाचं औषध आहे. तेव्हापासून मी रवी हातात घेतली की त्या म्हणायच्या, लोणी आलं की सांग हो.

अशी पावणेतीन वर्षं गेली. टाकी जगली, देवूबाबा जगले.

पंचाण्णवच्या दिवाळीत लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सूर्यग्रहण आलं. आमच्याकडे ग्रहण सुटलं की घरातलं साठवलेलं सगळं पाणी ओतून द्यायचं, भांडी घासायची आणि नवं पाणी भरायचं. दूधतूप, लोणचं असं जे टाकवत नाही, त्यावर ग्रहण लागण्याआधी तुळशीचं पान ठेवतात, म्हणजे ते बाटत नाही. माझा या सगळ्यावर भारी राग. टीव्हीवर ग्रहण दाखवत होते आणि मी सासूबाईंना चंद्राची सावली, पृथ्वीची फेरी असं सगळं समजावत होते. सावलीने पाणी कसं खराब होईल, सांगा ना, असं मी विचारलं. त्या म्हणाल्या, नसेल होत बाई, तू शिकलेली आहेस. पण माझी कंबर धरलीय, तेवढं ओतायला हात लाव.

मी हात लावला. वाद घालायचा कंटाळा आला होता आणि सणाचा दिवस होता. माझं तोंड सावलीचं शास्त्र सांगत राहिलं आणि हात हंडे, कळश्या, बादल्या उचलून वाडीत नेऊन ओतत राहिले. मग मी सगळी भांडी राखेने लख्ख घासली.

त्या सकाळी विश्राम पहिल्या पाळीला होता, हौदातल्या पोरांना गूळ घालायला. दुसऱ्या दिवशी, पाडव्याला, मी अजून रवी हातात घेतली नव्हती तोच तो कुणाची तरी लूना घेऊन आमच्या अंगणात आला. घरात यायला तयार नव्हता. आदल्या दिवशी ग्रहण सुटल्यावर कमळीने घरातलं पाणी ओतलं, त्यात विरजणाची बरणी गेली. मग तिने टाकीकडे बघितलं. बाबांचे मासे बाटलेल्या पाण्यात कसे ठेवायचे? तिने मासे, खेकडा आणि दगडांवरून सोडवलेली समुद्रफुलं परातीत काढली, टाकी रिकामी केली, विहिरीत टाकायला पंचायतीने दिलेल्या ब्लीचिंग पावडरने काचा आणि दगड घासले, पाच पाण्यांनी धुतले आणि किनाऱ्यावरून हंडे वाहून ताजं पाणी भरलं. सकाळपासून दुपारपर्यंत एकटी राबली. विश्राम घरी आला तेव्हा ती हसत दारात उभी होती. टाकी कधी नव्हती एवढी चकचकत होती आणि तिच्यात एकही जिवाणू शिल्लक नव्हता.

"तिला काय बोलू मॅडम?" तो म्हणाला. "बाबासाठीच केलान तिनं. मासं आत्ताच वर येऊन तोंड उघडतात. तुमच्याकडचं विरजण द्या."

खरं सांगते, मला त्या क्षणी अभिमान वाटला. बघा, म्हटलं, शेजारी ठेवलं ते कामी आलं. मी आत गेले. कोपऱ्यात बरणी नव्हती. ती मांडणीवर, धुतलेल्या भांड्यांच्या रांगेत, उपडी घातलेली होती. आरपार दिसावं इतकी स्वच्छ.

मी ओरडतच सासूबाईंकडे गेले. तुमच्या ग्रहणापायी एका माणसाचा जीव जाईल, बरणीला हात लावायच्या आधी मला विचारायचं तरी, असं काय काय बोलले. त्या माजघरात वाती वळत होत्या. त्यांनी वात खाली ठेवली.

"मी नाही गं हात लावला," त्या म्हणाल्या. "उलट मी सकाळीच तिच्यावर तुळशीचं पान ठेवलं होतं. म्हटलं, कुणाचं औषध आहे, टाकायला नको. तूच ओतलीस. केळीत. मी बघत होते, पण म्हटलं, तू शिकलेली आहेस, काहीतरी असेल."

आणि मला आठवलं. काल हंडे ओतताना माझ्या मनगटाला एक ओलं पान चिकटलं होतं. ते मी दुसऱ्या हाताने झटकून टाकलं होतं. ते पान या बरणीतलं होतं. ज्यांना मी अडाणी समजत होते त्यांनी बरणी वाचवली होती, आणि मी, सावलीचं शास्त्र सांगत सांगत, ती ओतून वर राखेने घासली होती. सासूबाई पाणी आणायला उठल्या तेव्हा मी भानावर आले.

मग मी आणखी एक पाप केलं. अंगणात जाऊन विश्रामला सांगितलं, बरणी तपासायला प्रयोगशाळेत नेली आहे, तुम्ही व्हा पुढे, मी संध्याकाळपर्यंत घेऊन येते. त्याचा चेहरा असा उजळला की बघवेना. तो गेल्यावर मी केळीच्या बुंध्याशी बसून माती उकरली. राख, साबणाचं पाणी, चिखल. त्यात शिंपल्याचे दोन-तीन तुकडे सापडले, वाळून पांढरे झालेले. पाडव्याची नवी साडी गुडघ्यापर्यंत चिखलाने माखून मी तिथे बसून राहिले.

दुपारी उठले आणि रिकाम्या हाताने घिवलीला गेले. पत्र लिहून किंवा निरोप पाठवून सांगायची ही गोष्ट नव्हती.

पोचले तेव्हा दिवेलागण झाली होती. कमळी रडून रडून सुजली होती, मला बघून एकदम उठली. घरात टाकी लखलखत होती. मासे पाण्याच्या वर तोंड काढून धापा टाकत होते, समुद्रफुलं मिटून सुपारीएवढी झाली होती. देवूबाबा डाव्या कुशीवर, नेहमीसारखे टाकीकडे बघत. कमळी मला हळूच सांगू लागली की कालपासून बाबांनी गोधडी ओली केली आहे आणि बदलायला गेलं की गुरगुरतात, आज तर तिच्या हाताला चावायला आले. मी ते ऐकलं न ऐकलं. माझ्या डोक्यात माझंच वाक्य घोळत होतं.

"विश्रामभाऊ," मी म्हटलं, "बरणी प्रयोगशाळेत नाही. मी ती ओतली. काल ग्रहण सुटल्यावर, माझ्या हाताने. सकाळी मी खोटं बोलले."

मी शिव्या खायच्या तयारीने आले होते. त्याने एकच शब्द उच्चारला.

"तुमी?"

राग नव्हता त्यात. त्याला नुसतं खरं वाटत नव्हतं. तो शब्द मला अजून कधी कधी भाजी चिरताना ऐकू येतो. कमळी मात्र मटकन खाली बसली आणि पदराने तोंड पुसलं. कालपासून सगळा गुन्हा तिच्या एकटीच्या डोक्यावर होता, आता वाटेकरी मिळाली म्हणून तिला जरा हलकं वाटलं असावं. विश्राम टाकीजवळ गेला. नवं विरजण लागायला महिना, मासे टिकणार फार तर दोन दिवस, हा हिशेब आम्हा तिघांनाही येत होता. तो म्हणाला, मासे गेले की बाबा भिंतीकडे तोंड करणार, आणि या खेपेला ते परत फिरवणार नाहीत. वडिलांच्या देखत म्हणाला. आम्ही सगळेच त्यांच्या देखत सगळं बोलायचो.

तेवढ्यात खाट वाजली. देवूबाबा डाव्या हाताची मूठ खाटेच्या लाकडावर आपटत होते. कमळी भांडं आणायला उठली. त्यांनी मान हलवली आणि पुन्हा आपटली, घशातून घर्रघर्र आवाज काढत. विश्राम वाकला. म्हाताऱ्याने त्याचं मनगट पकडलं आणि गोधडीखाली, आपल्या कमरेपाशी ओढलं.

विश्रामच्या हाताला एक ओला बोळा लागला. देवूबाबांचा गळ्यात बांधायचा रुमाल, पीळ देऊन गुंडाळलेला. त्याने तो सोडला. आत टाकीतला स्पंज होता. काळा, ओला, न धुतलेला.

मी तो स्पंज घेऊन हुंगला. विषाचा वास नाही, ब्लीचिंगचा नाही, कपारीतल्या ओल्या दगडासारखा वास. कमळीला तेव्हा आठवलं. घासायच्या वस्तू तिने खाटेजवळच्या बादलीत काढून ठेवल्या होत्या, नंतर स्पंज दिसला नाही, वाटलं कचऱ्यात गेला. नव्या पाण्याचा एक हंडा कालपासून खाटेच्या कडेला तसाच उरला होता. डावा हात खाली सोडून म्हातारा त्यात रुमालाचं टोक बुडवायचा आणि पुन्हा पोटाशी धरायचा. गोधडी ओली होती ती समुद्राच्या पाण्याने.

मला वाटलं माझे धक्के संपले, पण मी अजून हादरायची बाकी होते. मी विश्रामला म्हटलं, यांनी स्पंज तांब्यात बुडवून झाकून ठेवला असता तर हवेवाचून हे जिवाणू गुदमरून मेले असते, नुसत्या ओल्या फडक्यातच ते जगतात, हे यांना कुणी सांगितलं? विश्राम बापाच्या तोंडाकडे बघत होता.

"चिंबोरी पाण्यात कोंडून नेली तर मरते, बाय," तो टाकीतल्या खेकड्याकडे बोट दाखवत म्हणाला. "वल्या गोणपाटात बांधली तर दोन दिस जगते. ह्ये बाबानंच मला शिकवलेलं."

कारखान्यातली मॅडम त्या संध्याकाळी त्याच्या तोंडी पहिल्यांदा बाय झाली. माझं तिकडे लक्ष नव्हतं. मी खाटेवरच्या त्या डोळ्यांकडे बघत होते. पावणेतीन वर्षं दिवसरात्र त्या टाकीकडे बघणारा माणूस घरात एकच होता. विश्राम कामाला जायचा, कमळी बोंबलांना जायची, मी सणासुदीला जाऊन व्याख्यान द्यायची. स्पंज कुठे ठेवतात, कधी पिळतात, तो गेला की काय होतं, हे सगळं त्यांनी पाहिलं होतं. सून घासायला बसली तेव्हा त्यांना ओरडता आलं नाही, म्हणून जे एका हाताने चोरता आलं ते चोरलं. आणि मी याच खाटेपाशी उभी राहून म्हटलं होतं, त्यांना काय कळतंय. मला लाज वाटली, आणि ती मी तिथेच, मोठ्याने, त्यांच्याकडे बघून सांगितली. त्यांनी डोळे मिटले आणि उघडले.

विश्रामने स्पंज टाकीत सोडायला उचलला तर म्हाताऱ्याने तो धरून ठेवला. दातांत एक टोक पकडून डाव्या हाताने ओढला आणि दोन तुकडे केले. मोठा विश्रामला दिला. लहान रुमालात गुंडाळला आणि हात माझ्याकडे केला. मी मागे सरकले. मला कशाला, मी ओतणारी बाई. कमळीही पुटपुटली की दिवे लागल्यावर विरजण घराबाहेर देत नाहीत. देवूबाबांनी माझा हात ओढला, बोळा माझ्या तळव्यावर ठेवला आणि माझी बोटं एकेक करून त्यावर मिटली.

शेजारी ठेवायला पाहिजे, हे त्यांनाही माहीत होतं. आणि शेजारीण मीच होते.

पट्ट्यांचा एक मासा दुसऱ्या दिवशी मेला. दुसरा वाचला, खेकडा वाचला. आठवड्याभरात माझ्या नळीत पाणी हळूहळू पिवळ्याचं पांढरं झालं, समुद्रफुलं उमलली. देवूबाबांनी त्या काळात एकदाही भिंतीकडे तोंड केलं नाही. माहीमला सासूबाईंनी बरणीसाठी फडताळात वेगळी जागा केली, आणि ग्रहणाच्या दिवशी पाण्याच्या भांड्यांना हात लावायची मला बंदी झाली. ती मी आजवर पाळते.

दोन वर्षांनी, मार्गशीर्षात, कारखान्यात निरोप आला की देवूबाबा गेले. झोपेत गेले. मी होते तशी घिवलीला धावले. माणूस गेलं की घरातलं भरलेलं पाणी ओतून टाकतात, ही रीत तिथेही आहे. अंगणात पाय ठेवला तर हंडे, कळश्या, बादल्या, सगळ्या उपड्या घातलेल्या, पाण्याचे ओघळ दारापर्यंत आलेले. मी माणसांतून वाट काढत आत गेले.

खाट रिकामी होती. शेजारी टाकी काठोकाठ भरलेली, बुडबुडे चाललेले, मासा दगडाभोवती फिरत होता. टाकीपुढे कमळी पाय रोवून उभी होती. भावकीतल्या दोन म्हाताऱ्या तिला सांगत होत्या की हेही पाणी सुतकाचं, काढायला पाहिजे.

"ह्याला सुतक नाय," ती म्हणाली. "ह्ये त्यांनी राखलेलं हाय."

पाण्यावर तुळशीचं एक पान तरंगत होतं. मी कमळीच्या बाजूला जाऊन उभी राहिले, आणि सगळे स्मशानातून परत येईपर्यंत आम्ही दोघी तिथून हललो नाही.